पसाभर ज्वारीची साखळी

परभणीच्या मैदानावर मी लागोपाठ दोन वर्षं दुसऱ्याच्या नावानं खेळलो.

तिथं दरसाल थंडी सरता सरता फुटबॉलची मोठी स्पर्धा भरायची. शहरातल्या पाच-सात वजनदार मंडळींची एक कमिटी ती चालवायची. चांदीचा चषक, मंडप, कर्णा, खुर्च्या, सगळा थाट असे. खेळाडूंच्या याद्या महिनाभर आधी भरून द्यायच्या आणि त्या याद्यांत खेड्यातल्या माणसाचं नाव सहसा नसायचं. पण एका वर्षी शहरातल्या एका संघाचा गोलकीपर तापानं पडला. कुणीतरी त्यांना सांगितलं की पोखर्णीच्या अंगाला एका गावात मेंढपाळाच्या घरचा एक गडी आहे, तो बॉल सुटू देत नाही. तो गडी म्हणजे मी. चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, घरी साठेक मेंढरं आणि दोन एकर कोरडवाहू. बोर्डिंगात राहून हायस्कूल शिकलो तेव्हा फुटबॉल कळला, पण हात तयार झाले ते कळपात. उधळलेलं कोकरू न दुखावता छातीशी धरायचं ज्याला जमतं, त्याला बॉल धरणं काही फार वेगळं वाटत नाही.

त्यांनी मला दुसऱ्याचे बूट दिले. ते मोठे होते म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या. शर्ट दिला आणि सांगितलं, "कुणी विचारलं तर यादीतलं नाव सांगायचं." मी बॉल अडवला की कर्ण्यावरून त्या तापानं पडलेल्या पोराचं नाव पुकारलं जायचं आणि लोक त्या नावासाठी टाळ्या वाजवायचे. पहिल्या वर्षी मला त्याचं काही वाटलं नाही. खेळायला मिळालं याचीच नवलाई होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला पुन्हा त्याच नावानं उतरवलं आणि आमचा संघ चषक जिंकला. फोटोच्या वेळी मला हाताला धरून बाजूला काढलं, कारण फोटो यादीप्रमाणे हवा होता. मी मंडपाच्या दोरीला टेकून उभा राहिलो आणि ज्यांच्यासाठी अंग सोलून घेतलं त्यांचे हसरे चेहरे बघत राहिलो. गावी आल्यावर बायकोनं विचारलं, "जिंकले का?" मी म्हणालो, "ते जिंकले."

तिसऱ्या वर्षी आम्ही आमचाच संघ घेऊन गेलो. आम्ही म्हणजे मी आणि पिंगळीचा माझा एक मित्र. तो रेल्वेत गँगमन होता. रोज रूळ तपासत मैलोन् मैल चालून पाय लोखंडासारखे झालेले, आणि डाव्या बगलेवरून बॉल घेऊन सुटला की मागं फक्त धूळ दिसायची. तो बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली आमच्या भागात जे पेटलं, त्यात त्याच्या मूळ गावातलं घर जळालं होतं. आईला घेऊन तो पिंगळीच्या क्वार्टरमध्ये राहायला आला तो तिथलाच झाला. त्या गोष्टीबद्दल तो बोलत नसे आणि मी कधी विचारलं नाही. गँगमधले सहा जण आणि माझ्या गावचे पाच, असे अकरा जण आम्ही नाव नोंदवायला गेलो.

कमिटीचे सेक्रेटरी टेबलाशी बसले होते. त्यांनी आमच्या तोंडाकडं पाहिलंच नाही, सरळ पायांकडं पाहिलं.

"बूट?"

"न्हाईत," मित्र म्हणाला.

"मग संघ घेता येणार नाही. नियम आहे."

"मागच्या महिन्यात तुमच्या एका संघाला आमी असंच अनवाणी हरवलं की."

"ते दोस्तीतलं होतं. इथं नियम आहे." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तू मात्र ये. गेल्या वर्षीच्याच नावानं."

 आम्ही अकरा जण तसेच माघारी फिरलो.

त्या दिवशी मी गावाकडच्या एस.टी.त न बसता मित्राबरोबर पॅसेंजरनं पिंगळीला गेलो. त्याच्या आईनं चहा केला. आम्ही क्वार्टरच्या पायरीवर बसलो. बराच वेळ तो काडीनं मातीत रेघा ओढत होता. मग म्हणाला, "आपण आपली येगळी भरवू."

"चषक कुठून आणायचा?"

"चषक कशाला पायजे? त्यांची स्पर्धा कशी हाय बग. एकदा हारलं की घरी. खेड्यातून चार तास प्रवास करून यायचं आन तासाभरात परत जायचं. आपण साखळी करू. सगळ्यांनी सगळ्यांसंगं खेळायचं. हारला तरी फुडच्या रविवारी पुन्हा मैदानात."

त्यानं मातीत पाच गोल काढले होते. पिंगळी, पोखर्णी, सेलू, माझं गाव आणि नदीकाठचं एक गाव. या पाचही ठिकाणी बॉल मारणारी पोरं आम्हाला ठाऊक होती. रेल्वेवाल्यांनी आणि जुन्या राजवटीतल्या पोलिसांनी हा खेळ आमच्याकडं कधीचा आणून ठेवला होता. पाच संघ म्हणजे दर रविवारी दोन सामने, एक सकाळी आणि एक दुपार कलल्यावर. एका संघाला सुट्टी. ज्याला सुट्टी त्याच्याच गावात त्या दिवशीचे सामने. "म्हंजी ज्याचं मैदान तो खेळतच न्हाई. कुणी म्हनायचं न्हाई की घरच्यांनी घरच्यांना जिंकवलं." हे त्याचं डोकं. मी पंचवीस वर्षं पुढं असल्या कामांत राहिलो, पण इतका सोपा न्याय मला पुन्हा कुणी सांगितला नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "खेळणारा रविवारी खेळंल. पर त्याचा रोज बुडतो त्याचं काय? आत्ता ज्वारी काढायचे दिवस हायेत. एका दिवसाच्या मजुरीच्या पेंढ्या गेल्या तर घरात बाईमाणूस काय म्हनंल? शहरातल्यांचं बरं हाय, त्यांचा पगार सुरू ऱ्हातो."

मला हे सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "मग द्यायचं कुठून?"

"बघायला येतेत ते फुकट बघतेत का? गारुड्याला सुद्धा लोक पीठ घालतेत. बघणाऱ्यानं पसाभर ज्वारी आणायची. पोत्यात टाकायची न् आत जायचं. संध्याकाळी खेळणाऱ्यांनी वाटून घ्यायची."

आमची साखळी अशी पगारी झाली. पुढं शहरातले लोक आम्हाला हसायचे, म्हणायचे, ज्वारीवर खेळणारे. हसू देत. त्यांच्या चषकात खेळाडूला चहासुद्धा स्वतःच्या खिशातून प्यावा लागायचा.

आता पंच हवा होता. परभणीत एक वयस्कर चाचा होते. जुन्या राजवटीत पोलिसात होते, तिथंच फुटबॉल खेळलेले, आणि कमिटीच्या स्पर्धेत कित्येक वर्षं शिट्टी त्यांचीच. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, मग माझ्याकडं बोट केलं.

"तू दोन साल दुसऱ्याच्या नावानं खेळलास. मला पहिल्या दिवशीच समजलं होतं."

"मग बोलला का न्हाईत, चाचा?"

"हां. बोललो नाही," ते म्हणाले. "त्याची शरम आहे मला." मग पान तोंडात घातलं. "अनवाणी पायाचा गोल हा गोल नाही, असं कुठल्या किताबात लिहिलंय ते मला अजून सापडलं नाही. येतो मी. कमिटीला काय करायचं ते करू दे."

सगळं जमत आलं आणि अडलं ते माझ्याच गावात.

गावचे पाटील म्हणाले, "आपल्या गावाचे दोन संघ दे. एक गावाचा, एक वस्तीचा. दिवस कसे हायेत तुला ठावं हाय. ज्यानं त्यानं आपापलं खेळावं, भांडण नको." ते वाईट मनानं बोलत नव्हते. त्या वर्षांत गाव आणि बौद्धांची वस्ती एकमेकांशी कामापुरतं बोलत, आणि भिंतीवर कुणी दोन अक्षरं लिहिली तरी पोलिसांची गाडी यायची. मला वाटलं, बरं झालं, सहा संघ होतील. मी पिंगळीला जाऊन मित्राला तसं सांगितलं. आज सांगतानाही लाज वाटते, पण मी ते आनंदानं सांगितलं.

त्यानं हातातला वेळापत्रकाचा कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"मग माजं नाव काढ."

"कामून?"

"आज तुज्या गावात दोन झाले. उद्या पोखर्णीत दोन, सेलूत दोन. मग गाव आन वस्ती समोरासमोर उभं ऱ्हातील, मधी बॉल ठिवलेला. ते खेळ न्हाई गड्या. त्ये काय असतंय ते मी बघितलंय."

त्या गोष्टीबद्दल तो माझ्याशी एवढंच बोलला, आयुष्यात एकदाच. मी कागद परत त्याच्या हातात ठेवला आणि गावाकडं निघालो.

पाटील पारावर होते. चार माणसं सोबत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "एका गावाचा एकच संघ, पाटील. साखळीचा नियम हाय."

"आन आमाला न्हाई पटला तर?"

"तर आपलं गाव साखळीत न्हाई. मी पिंगळीकडून खेळन."

माझ्या बापजाद्यांत पाटलापुढं असं कुणी बोललं नसेल.  पाटलांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "निवडणार कोण? तू?"

"मी न्हाई. चाचा. त्यांना माझ्याबिगर इथलं कोणीच माहीत न्हाई."

पुढच्या आठवड्यात चाचा एस.टी.नं आले. गावातले आणि वस्तीतले मिळून सव्वीस जण गायरानात जमले. चाचांनी सगळ्यांना शर्ट काढायला लावले आणि पाठीवर चुन्यानं आकडे घातले. "नाव सांगू नका. आडनाव तर अजिबात नको." दोन तास त्यांनी सगळ्यांना उभं-आडवं पळवलं. अख्खं गाव बांधावर, आणि वस्तीतली माणसंही, पण जरा लांब. शेवटी चाचा ढेकळावर उभे राहिले आणि त्यांनी आकडे वाचले. त्यात गावातले सात निघाले आणि वस्तीतले चार. पाटलांचा पुतण्या निघाला, त्यांचा स्वतःचा मुलगा निघाला नाही. पाटील हसले. म्हणाले, "म्हाताऱ्याला डोळे हायेत. आमचं पोरगं पळतच न्हाई."

पण पुतण्यानं वस्तीतल्यांबरोबर खेळायला नकार दिला. आमच्याकडं गोल मारणारा तोच होता. तो शर्ट खांद्यावर टाकून निघून गेला. आम्ही बाराव्या आकड्याला बोलावलं.

इकडं कमिटीला बातमी लागली होती. त्यांनी पत्रक काढलं: जो खेळाडू या खेडवळ स्पर्धेत उतरेल त्याला शहरातल्या मैदानाचे दरवाजे कायमचे बंद. पंचांनाही तेच. शिवाय त्यांनी आपले सामने मुद्दाम रविवारी लावले. चाचांना घरी निरोप गेला. चाचांनी कमिटीनं दिलेला बिल्ला निरोप आणणाऱ्याच्याच हातात ठेवला आणि त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

पहिला रविवार पोखर्णीला होता. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून मैदानातली धसकटं वेचली, कारण अनवाणी पायाला ज्वारीचं धसकट खिळ्यासारखं लागतं. बाभळीची लाकडं रोवून गोल केले आणि चुलीतल्या राखेनं रेघा ओढल्या. सकाळी मी वाटेवर पोतं धरून उभा होतो. ऊन वर आलं तरी पोतं रिकामंच. मित्र माझ्याकडं बघायचा नाही, मी त्याच्याकडं बघायचो नाही. शहरात कर्ण्याचा आवाज सुरू झाला असेल, मंडप भरला असेल, असंच डोक्यात येत होतं.

मग नृसिंहाच्या देवळाकडून माणसं येताना दिसली. दर्शन घेऊन तशीच निघालेली. एका म्हातारीनं पदराची गाठ सोडली, ज्वारी पोत्यात टाकली आणि विचारलं, "हितं काय हाय रे बाबा?" मी म्हणालो, "फुटबॉल." ती म्हणाली, "असू दे," आणि बांधावर जाऊन बसली. तिच्यामागं बैलगाड्या आल्या. नदीकाठच्या गावचे लोक हलगी वाजवत आले. बाया आल्या, त्यांना शहरातल्या मंडपात कधी कुणी बोलावलं नव्हतं. सकाळचा सामना पिंगळी आणि सेलूचा. तो संपेपर्यंत पहिलं पोतं भरलं आणि दुसरं मागवावं लागलं.

दुपारनंतर आमचा सामना नदीकाठच्या गावाशी होता. पोखर्णीचा एक जण लग्नात कर्णा लावायचा, तो बाजेवर उभा राहून बोलत होता. दहाएक मिनिटं झाली असतील. त्यांच्या एका तगड्या गड्यानं जवळून बॉल हाणला. मी उजवीकडं झेप घेतली आणि बॉल छातीशी घेऊन मातीत लोळलो. उठतो तो कर्ण्यावरून माझं नाव आलं. माझं, माझ्या बापाचं आणि आमच्या गावाचं, पूर्ण. त्यानं ते तीनदा घेतलं, बहुतेक दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. मी बॉल हातात धरून तसाच उभा राहिलो. चाचांना शिट्टी वाजवून सांगावं लागलं की बेटा, आता मार.

मैदानाच्या पलीकडच्या बांधावर बाप मेंढरं घेऊन उभा होता. त्याला फुटबॉल कळत नव्हता. पण आपलं नाव कर्ण्यावर ऐकून त्यानं डोक्याचा पटका काढला, झटकला आणि पुन्हा नीट बांधला.

आम्ही तो सामना जिंकलो. संध्याकाळी ज्वारी वाटली तेव्हा खेळलेल्या प्रत्येकाला पायलीभर आली. मी ती धोतराच्या सोग्यात बांधून घरी नेली. बायकोनं हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "चांगली हाय. टपोरी हाय."

पुढचे रविवार पळाले. सेलूला कापसाच्या बाजारातले हमाल आणि जिनिंगमधले मजूर सगळे मैदानावर. सेलूचा संघ सगळ्यांत भारी होता. त्यांचा पुढचा खेळाडू गाठी उचलणारा हमाल, त्याला धक्का दिला तर आपणच पडायचं. माझ्या गावात सामने होते त्या दिवशी पाटलांनी स्वतः पाण्याचे दोन रांजण भरून घेतले आणि मैदानाच्या दोन टोकांना ठेवायला सांगितले. माझा मित्र त्या दिवशी पिंगळीकडून खेळत होता. मध्यंतराला तो जवळच्या रांजणाशी गेला आणि क्षणभर थबकला. पाटील तिथंच उभे होते. ते म्हणाले, "घे की. बघतो काय? पुन्हा पळायचं हाय ना?" तो प्यायला. मग आमचे वस्तीतले चौघे प्यायले, मग मी, मग पाटील. बांधावरच्या काही म्हाताऱ्यांनी मान वळवली. बाकीचे सामना पुन्हा कधी सुरू होतो याची वाट बघत होते.

त्याच संध्याकाळी पाटलांचा पुतण्या माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. "जागा हाय का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "मला कशाला विचारतोस? त्या चौघांना विचार." तो वस्तीत गेला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाच जण गायरानात बॉल मारत होते.

शेवटचा रविवार पिंगळीला. शहरात त्याच दिवशी कमिटीचा अंतिम सामना. आमच्याकडं सकाळी पोखर्णी आणि नदीकाठचं गाव, दुपारनंतर आम्ही आणि सेलू. सेलू आमच्यापेक्षा एका गुणानं पुढं होतं. त्यांना बरोबरी पुरत होती, आम्हाला जिंकणंच भाग होतं.

दुपारची पॅसेंजर पिंगळीला थांबली तेव्हा मी स्टेशनाजवळच्या लिंबाखाली पायाला तेल चोळत होतो. गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मित्र पळत आला. "गड्या, परभणीवाले उतरायलेत." खरंच उतरत होते. दुकानदार, कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात शहरातल्या संघांचे चार-पाच खेळाडू. अंतिम सामना सोडून आलेले. आणि प्रत्येकाच्या हातात, रुमालात, पिशवीत ज्वारी. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

सामना सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला मी घोळ घातला. सेलूच्या हमालानं लांबून साधाच मारला होता, कुठल्याही दिवशी मी तो एका हातानं घेतला असता. माझं लक्ष त्या शहरातल्या लोकांकडं होतं. बॉल हातातून निसटला आणि पायांमधून मागं गेला.  मला वाटलं, आता भुईनं गिळावं. मागं गोलच्या लाकडाशी माझा मित्र उभा होता. त्या दिवशी त्याला खेळायचं नव्हतं, व्यवस्था बघायची होती. तो हळूच म्हणाला, "त्यांच्याकडं बघू नको. ते तुला बघायला आलेत. तू बॉलकडं बघ."

मध्यंतरापर्यंत एक-शून्य. चाचा आमच्याजवळून गेले पण काही बोलले नाहीत; पंच होते ते. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही अकरा जण सेलूच्या अंगणात जाऊन बसल्यासारखे खेळलो. वस्तीतल्या एकानं, जो बारकेला आणि दिसायला अगदी साधा होता, दोघांना चुकवून बॉल मधे दिला आणि पाटलांच्या पुतण्यानं तो गोलात घातला. एक-एक. मग सेलूनं जोर केला. तो हमाल एकटाच सुटला आणि थेट माझ्यावर आला. या वेळी मला दुसरं काहीच दिसत नव्हतं, ना माणसं, ना गाडी, ना ऊन. त्यानं मारायला पाय उचलला आणि मी त्याच्या पायातच पडलो. त्याचा गुडघा माझ्या बरगडीत लागला. बॉल माझ्या पोटाखाली होता. तो उठला, त्यानंच मला हात दिला आणि म्हणाला, "लय बेस धरला भाऊ."

दोन मिनिटं उरली असतील. आमच्याकडून बॉल उंच गेला, त्यांच्या गोलसमोर सहा-सात जण एकत्र उडाले, आणि बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला, कुणाच्या तरी डोक्याला लागून आत गेला. गोल कुणाचा यावर आमच्या गावात आजही एकमत नाही. पुतण्या म्हणतो त्या बारकेल्याचा, बारकेला म्हणतो पुतण्याचा. चाचांनी फक्त मधे बोट दाखवलं. दोन-एक.

शेवटची शिट्टी झाली आणि लोक मैदानात घुसले. मला कुणी उचललं ते दिसलं नाही. पाटील धोतराचा सोगा सावरत पळत आले आणि त्यांनी त्या बारकेल्याला खांद्यावर घेतलं. वस्तीतली हलगी आणि गावची हलगी एकाच तालावर यायला थोडा वेळ लागला, पण आली. सेलूवाल्यांनी आमच्याबरोबर नाच केला. मित्राची आई क्वार्टरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तो तिच्याजवळ गेला आणि नुसता उभा राहिला. थोड्या वेळानं तिनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शहरात त्या दिवशी चषक देताना खुर्च्या रिकाम्या होत्या, असं शहरातल्या लोकांनीच नंतर सांगितलं. मला त्याचा आनंद झाला. का खोटं बोलू.

दिवाळीनंतर कमिटीचे सेक्रेटरी पिंगळीला आले. मित्र ड्युटीवरून नुकताच आला होता, मीही तिथंच होतो. ते खुर्चीवर न बसता आमच्याबरोबर पायरीवरच बसले. म्हणाले, बुटाचा नियम काढून टाकतो, खेड्यातले संघ घेतो, यादीत ज्याचं त्याचं नाव. फक्त तुमची साखळी बंद करा.

मित्र म्हणाला, "बंद कामून करायची? तुमचे संघ घिऊन तुमीच या की. तुमची सुट्टी आसंल त्या रविवारी तुमच्या मैदानावर सामने ठिवू. कर्णा तुमचाच."

ते उठून गेले. पण महिन्याभरात शहरातल्या दोन संघांनी आमच्याकडं नावं दिली आणि त्यांच्यामागून कमिटीचं मैदानही आलं. आजूबाजूची आणखी चार गावंही आली, त्या वर्षी साखळीत अकरा संघ झाले, आणि चाचांच्या एका शिट्टीवर भागेना. मग थंडीच्या दिवसांत ते दुधनेच्या कोरड्या पात्रात चार माणसांना पंचगिरी शिकवू लागले. त्यात एक पाटलांचा पुतण्या होता, एक सेलूचा हमाल, एक मित्राच्या गँगमधला गडी आणि एक शहरातला कॉलेजचा पोरगा. चौघं वाळूत ओळीनं उभे राहून शिट्ट्या वाजवायचे आणि चाचा समोर फेऱ्या मारत म्हणायचे, "जोरात. मैदानात अजून जोरात लागेल. आता पुन्हा."